पदर तोच, फाइल हलकी

समजा, येवल्यातल्या एका विणकराने पैठणीच्या पदराचा फोटो मोबाइलवर काढला आणि तसाच वेबसाइटवर चढवला. १२ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे ४००० बाय ३००० पिक्सेल. गिऱ्हाईक बघणार तेही मोबाइलवरच, आणि तिथे स्क्रीनची रुंदी साधारण १०८० पिक्सेल. म्हणजे पाठवलेल्या १४ पिक्सेलमागे जेमतेम एकाला पडद्यावर जागा आहे. बाकीच्यांचा डेटा गिऱ्हाइकाच्या पॅकमधून जातो, दिसत मात्र काहीच नाही.

शिवाय फाइल कितीही दाबून लहान केली, तरी दाखवण्याआधी ब्राउझर ती पूर्ण उलगडतो. एका पिक्सेलला ४ बाइट धरले, तर या एका फोटोला रॅममध्ये ४८ एमबी लागतात. पानावर अशा दहा साड्या असतील तर स्वस्तातला फोन अडखळणारच. म्हणून आधी फोटोची लांबी-रुंदी कमी करायची, फोटो सेव्ह करताना निवडायच्या क्वालिटीच्या आकड्याला हात नंतर. बरेच जण नेमकं उलटं करतात.

आता १०८० रुंदीचा फोटो घ्या. काहीही न दाबता तो अडीच एमबीच्या वर भरतो; जेपेग, म्हणजे फोटो दाबून साठवण्याचा नेहमीचा प्रकार, वापरला की दोन-तीनशे केबीत मावतो आणि बघणाऱ्याला फरक कळत नाही. मग बाकीचं गेलं कुठे?

थोडं रंगात गेलं. आपल्या डोळ्याला उजेडातला फरक बारीक कळतो, रंगातला ढोबळ. १९८२ मध्ये दूरदर्शन रंगीत झालं, तेव्हा त्या प्रक्षेपणातही रंगाला उजेडापेक्षा कमी जागा दिलेली होती. जेपेगमध्ये उजेडाचा थर पूर्ण ठेवतात आणि रंगाचे दोन थर बहुधा निम्म्या रुंदीचे, निम्म्या उंचीचे करतात. एवढ्यानेच आकड्यांची संख्या निम्मी होते.

उरलेली करामत गणिताची. फोटोचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडतात. प्रत्येक चौकोनातल्या उजेडाच्या ६४ आकड्यांचे दुसरे ६४ आकडे बनवतात: पहिला चौकोनाचा सरासरी उजेड सांगतो, पुढचे सांगतात की उजेड किती संथ किंवा किती झपाझप वरखाली होतोय. ही रीत नासिर अहमद यांची. ते मूळचे बंगळूरचे, अमेरिकेत कॅन्सस स्टेट युनिव्हर्सिटीत शिकवायचे. त्यांनी १९७२ मध्ये यासाठी अनुदान मागितलं, तर कल्पना फारच साधी आहे असा एका परीक्षकाचा शेरा आला आणि पैसे मिळाले नाहीत. त्यांनी काम सोडलं नाही. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासोबतचा त्यांचा निबंध जानेवारी १९७४ मध्ये छापून आला, आणि १९९२ च्या जेपेग मानकाचा पाया तोच ठरला.

या गणितात अजून काहीच गमावलेलं नाही. गमावणं होतं पुढच्या भागाकारात. जेपेगच्या भाजकांच्या नमुना तक्त्यात उजेडाचा पहिला आकडा १६ ने भागतात, शेवटच्या कोपऱ्यातला ९९ ने, आणि उत्तर पूर्णांकात आणतात. पहिला आकडा ४०० असेल तर २५ उरतो. कोपऱ्यातला ४० असेल तर ०.४ येतो, म्हणजे शून्य. झपाझप बदल सांगणारे आकडे असे पटापट शून्य होतात, आणि ओळीने आलेली शून्यं लिहायला जागा जवळजवळ लागतच नाही. क्वालिटीचा आकडा बदलणं म्हणजे मुख्यतः हे भाजक लहानमोठे करणं.

म्हणूनच साडीच्या साध्या, सपाट अंगाचा फोटो चटकन हलका होतो आणि जरीच्या पदराचा होत नाही. जरीत झपाझप बदल खच्चून भरलेले असतात. ‘फोटो १०० केबीच्या आत हवा’ हा सरसकट नियम त्यामुळे मला पटत नाही. ७५–८० क्वालिटीवर ठेवून मोर आणि काठ नीट दिसतात का, ते मोबाइलवर बघावं. लाल काठाची कड हिरव्या अंगावर फुटल्यासारखी दिसली, तर ती रंगाचे थर निम्मे केल्याची खूण. अशा वेळी रंग पूर्ण ठेवणारा पर्याय निवडावा. गूगलचा २०१० चा वेबपी हा फोटो साठवण्याचा प्रकार बऱ्याचदा जेपेगपेक्षा हलका पडतो, पण त्याच्या नेहमीच्या, थोडा तपशील गाळणाऱ्या प्रकारात हा पर्यायच नाही. नंतर आलेल्या एव्हीआयएफ या प्रकारात तो आहे.

फॉरवर्ड होऊन आलेला फोटो वापरू नये. दर वेळी नव्याने दाबताना आणखी तपशील गळतो. दरपत्रक किंवा लोगो जेपेग केला तर अक्षरांभोवती बारीक ठिपके दिसतात, त्याला काहीही न गाळणारा पीएनजी बरा.

पानाच्या खालच्या फोटोंना ‘लेझी लोडिंग’ लावलं, की वाचक तिथपर्यंत पोचत आल्यावरच ते उतरतात. सगळ्यात वरच्या फोटोला मात्र ते लावू नये. पान उघडताच दिसायला हवा तोच, आणि तोच उशिरा येतो.