रोज आठ ग्लास पाणी प्यायलाच हवं का?

‘तहान लागो न लागो, दिवसाला आठ ग्लास पाणी पोटात गेलंच पाहिजे’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. निरोगी माणसासाठी असा सरसकट नियम नाही.

त्याचं मूळ बहुधा अमेरिकेतल्या फूड अँड न्यूट्रिशन बोर्डाच्या १९४५ च्या शिफारशीत आहे. प्रौढांना दिवसाला साधारण २.५ लिटर पाणी पुरे, असं त्यात म्हटलं होतं. पण यातलं बहुतेक पाणी तयार अन्नातूनच मिळतं, हेही तिथेच लिहिलं होतं! लोकांनी आकडा उचलला आणि नेमकं हे वाक्य गाळलं. पुढे २००२ मध्ये हाइन्झ व्हाल्टिन या मूत्रपिंडतज्ज्ञांनी उपलब्ध संशोधन तपासलं. आठ ग्लासांच्या नियमाला आधार देणारा शास्त्रीय पुरावा त्यांना सापडला नाही.

आपलं ताटच बघा. शिजलेल्या भातात वजनाच्या दोन तृतीयांश पाणी असतं, काकडीत तर सुमारे ९५ टक्के. वरण, ताक, कढी हे सगळं हिशेबात धरायचं. चहासुद्धा, दोन-तीन कपांनी शरीर कोरडं पडत नाही.

एरवी तहान लागली की प्यावं. लघवी फिकट पिवळी असेल तर सहसा पाणी पुरतंय. मात्र विदर्भातल्या मे महिन्यात उन्हात राबणाऱ्यांनी आणि मुतखडा होऊन गेलेल्यांनी जास्तच प्यायला हवं. म्हाताऱ्या माणसांना तहान कमी जाणवते, त्यांना आठवणीने पाणी द्या. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या काही रुग्णांना डॉक्टर पाणी मोजून देतात. त्यांना ‘भरपूर पाणी प्या’ म्हणून आग्रह करणं धोक्याचं आहे.