पहिले महायुद्ध : कारणे आणि परिणाम

पहिले महायुद्ध : (२८ जुलै १९१४–११ नोव्हेंबर १९१८). जर्मनी, ऑस्ट्रिया-हंगेरी, ऑटोमन तुर्कस्तान व बल्गेरिया या मध्यवर्ती सत्ता एका बाजूस आणि सर्बिया, रशिया, फ्रान्स, बेल्जियम, ब्रिटन, जपान व पुढे इटली आणि अमेरिका ही दोस्त राष्ट्रे दुसऱ्या बाजूस, असे हे युद्ध झाले. सुमारे साडेसहा कोटी सैनिक त्यात उतरले आणि त्यांपैकी नव्वद लाखांच्या आसपास मृत्यू पावले. ठिणगी युरोपात पडली. परंतु लढणाऱ्या साम्राज्यांच्या वसाहती जगभर पसरलेल्या असल्यामुळे ज्यांना सर्बिया नकाशावर दाखवता आला नसता, अशा घाटावरच्या आणि कोकणातल्या खेड्यांतूनही माणसे या युद्धावर गेली.

युद्धाचे निमित्त सर्वपरिचित आहे. २८ जून १९१४ रोजी बोस्नियातील सारायेव्हो येथे ऑस्ट्रियाचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड व त्याची पत्नी सोफी यांची गाव्ह्रिलो प्रिन्सिप या एकोणीस वर्षांच्या बोस्नियन सर्ब तरुणाने गोळ्या घालून हत्या केली. त्याच दिवशी सकाळी त्यांच्या मोटारींवर टाकलेला बाँब हुकला होता. नंतर मार्ग बदलल्याचा निरोप चालकापर्यंत न पोहोचल्याने मोटार चुकीच्या रस्त्याला वळली आणि थांबली, ती नेमकी प्रिन्सिप उभा होता त्या जागी. या योगायोगाचे वर्णन पाठ्यपुस्तकांत इतक्या वेळा येते की, चालक चुकला नसता तर युद्ध टळले असते असा वाचकाचा समज व्हावा. तो समज बरोबर नाही. हत्या आणि युद्धघोषणा यांत पूर्ण एक महिना गेला, आणि युद्धाची खरी कारणे त्या महिन्यात काय घडले व ते घडण्याजोगी परिस्थिती आधी कशी तयार झाली होती, यांतच शोधावी लागतात.

१८७१ मध्ये फ्रान्सचा पराभव करून जर्मनीने अल्सेस व लॉरेनचा बराच भाग घेतला, तेव्हापासून या दोन देशांत कायमचे वैर पडले. १८८२ मध्ये जर्मनी, ऑस्ट्रिया-हंगेरी व इटली यांचा त्रिराष्ट्र करार झाला. त्याला उत्तर म्हणून फ्रान्सने १८९४ मध्ये रशियाशी युती केली. १९०४ मध्ये ब्रिटन व फ्रान्स यांच्यात आणि १९०७ मध्ये ब्रिटन व रशिया यांच्यात समझोता झाला. जर्मनीने १८९८ पासून मोठे आरमार उभारण्यास सुरुवात केल्यामुळे ब्रिटन बिथरले होते, आणि १९०६ मध्ये ब्रिटनची ‘ड्रेडनॉट’ ही युद्धनौका पाण्यात उतरल्यानंतर ही चढाओढ आणखी तीव्र झाली. मोरोक्कोवरून १९०५ व १९११ मध्ये युद्धाचा प्रसंग येऊन टळला. १९०८ मध्ये ऑस्ट्रियाने बोस्निया आपल्या राज्यास जोडला, तेव्हा रशियाला अपमान गिळावा लागला. पुन्हा तशी वेळ आल्यास माघार घ्यायची नाही, ही भावना तेथे तेव्हापासून बळावली. १९१२-१३ च्या बाल्कन युद्धांत सर्बियाचा मुलूख जवळजवळ दुप्पट झाला आणि अनेक वंशांचे, आतून पोखरलेले ऑस्ट्रियन साम्राज्य त्या वाढीला आपल्या अस्तित्वावरचा घाला समजू लागले.

जुलै १९१४ च्या सुरुवातीस जर्मनीने ऑस्ट्रियाला वाटेल ते करण्याची मोकळीक दिली. २३ जुलैला ऑस्ट्रियाने सर्बियास अठ्ठेचाळीस तासांचा निर्वाणीचा खलिता धाडला. सर्बियाने बहुतेक अटी मान्य केल्या. आपल्या भूमीवर ऑस्ट्रियन अधिकाऱ्यांनी चौकशी करण्याची अट मात्र नाकारली. हे उत्तर वाचून, आता युद्धाचे कारणच उरले नाही, असा शेरा खुद्द जर्मन सम्राट कैसर विल्हेल्मने मारला होता. तोवर उशीर झाला होता. त्याच दिवशी, २८ जुलैला, ऑस्ट्रियाने युद्ध पुकारले.

यापुढे सूत्रे मुत्सद्द्यांकडून सेनापतींच्या हाती गेली, आणि सेनापती रेल्वेच्या वेळापत्रकाला बांधलेले होते. लाखो राखीव सैनिक, घोडे, तोफा व दाणागोटा ठरल्या क्रमाने सीमेवर नेण्याच्या योजना वर्षानुवर्षे घोटून तयार केलेल्या होत्या आणि जो देश जमवाजमवीत मागे पडेल तो हरेल, अशी सर्वांची खात्री होती. २९ जुलैच्या रात्री रशियाचा झार निकोलस याने सर्वंकष जमवाजमवीचा हुकूम मागे घेतला आणि दुसऱ्या दिवशी सेनानींच्या आग्रहापुढे तो पुन्हा दिला. १ ऑगस्टला ब्रिटन तटस्थ राहील अशी चुकीची बातमी बर्लिनला आली, तेव्हा सगळे सैन्य फक्त रशियाकडे वळवा, असे कैसरने सेनाप्रमुख मोल्टके यास सांगितले. लाखोंच्या सैन्याची मांडणी ऐनवेळी फिरवता येत नाही, असे उत्तर त्याला मिळाले. आधी बेल्जियममार्गे फ्रान्सला सुमारे सहा आठवड्यांत नमवायचे आणि मग रशियाकडे वळायचे, एवढी एकच योजना जर्मनीजवळ होती. बेल्जियमच्या तटस्थतेची हमी १८३९ च्या करारात ब्रिटनने दिलेली असल्यामुळे ४ ऑगस्टला ब्रिटनही युद्धात उतरले.

दोष कोणाचा, या प्रश्नावर इतिहासकारांचे एकमत नाही. १९६१ मध्ये फ्रिट्झ फिशर या जर्मन इतिहासकारानेच जर्मनीच्या विस्ताराकांक्षेवर मुख्य ठपका ठेवला आणि त्याच्या देशात मोठे वादळ उठले. नंतरच्या काहींनी तो दोष सर्व राजधान्यांत वाटून दिला. प्रस्तुत नोंदीच्या दृष्टीने बर्लिन व व्हिएन्ना येथील जबाबदारी अधिक ठरते, कारण छोटे युद्ध मोठे होईल हे समजत असूनही तो धोका त्यांनी जाणूनबुजून पत्करला.

फ्रान्स-बेल्जियममधील पश्चिम आघाडीवर काही महिन्यांतच दोन्ही सैन्ये समोरासमोर खंदकांत रुतली. २२ एप्रिल १९१५ रोजी ईप्र येथे जर्मनांनी क्लोरीन वायू सोडला. १ जुलै १९१६ या सॉमच्या लढाईच्या पहिल्या एका दिवसात ब्रिटिश सैन्याचे १९,२४० जण ठार झाले. १९१७ मध्ये रशियात क्रांती होऊन तो देश युद्धातून बाहेर पडला, तर जर्मन पाणबुड्यांच्या हल्ल्यांमुळे अमेरिका आत आली. अखेर ११ नोव्हेंबर १९१८ रोजी सकाळी अकराला शस्त्रसंधी अमलात आला.

भारतातून तेरा लाखांहून अधिक सैनिक व बिनलढाऊ माणसे परदेशी गेली, त्यांपैकी सत्तर हजारांहून अधिक परतली नाहीत. मराठी माणसाच्या दृष्टीने यातील सर्वांत दुःखद प्रकरण मेसोपोटेमियाचे, म्हणजे आजच्या इराकचे. पुणे हे नाव धारण करणाऱ्या सहाव्या डिव्हिजनने नोव्हेंबर १९१४ मध्ये बसरा घेतले. पुढच्या वर्षी अपुरी वाहतूक व तुटपुंजी वैद्यकीय सोय असतानाही तिला बगदादच्या दिशेने पुढे रेटण्यात आले. तेसिफोन येथे ती अडली आणि ७ डिसेंबर १९१५ पासून कूत येथे तुर्कांच्या वेढ्यात सापडली. १०३, ११० व ११७ या मराठा पलटणी त्या वेढ्यात होत्या. धान्य दळण्याचे साधन नव्हते म्हणून विमानातून जात्याचे दगड खाली टाकावे लागले. घोड्याचे मांस खाण्यास बहुतेक भारतीय शिपाई धर्माच्या कारणाने दीर्घकाळ तयार नव्हते आणि भाजीपाल्याअभावी स्कर्व्ही या रोगाने ते खंगत गेले. जवळजवळ पाच महिन्यांनंतर, २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे तेरा हजार जण शरण गेले आणि त्यांतील हजारो कैदेत दगावले. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाला ‘मिलिटरी’ ही जोड मिळाली, तिच्यामागे याच युद्धातील बलिदान आहे. १८९० नंतर ज्यांची भरती बंद केली होती त्या महारांसाठी १९१७ मध्ये १११ वी पलटण उभारली गेली; गरज सरताच १९२१ मध्ये ती मोडण्यात आली, हा अन्याय त्या समाजाच्या मनात दीर्घकाळ सलत राहिला.

युद्धाचे राजकीय परिणाम दूरगामी होते. जर्मन, ऑस्ट्रियन, रशियन व ऑटोमन अशी चार साम्राज्ये लयास गेली. २८ जून १९१९ च्या व्हर्सायच्या तहाने जर्मनीचा युरोपातील सुमारे तेरा टक्के प्रदेश काढून घेतला, २३१ व्या कलमाने नुकसानीची जबाबदारी तिच्यावर टाकली, आणि १९२१ मध्ये युद्धखंडणीचा आकडा १३२ अब्ज सुवर्ण मार्क ठरला. नोव्हेंबर १९२३ मध्ये एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क मोजावे लागत होते; या चलनवाढीस खंडणीइतकीच जर्मन सरकारची कर्ज काढून युद्ध चालवण्याची रीतही कारण होती. अपमान व दारिद्र्य यांचा फायदा पुढे नाझींनी घेतला. राष्ट्रसंघ स्थापन झाला. परंतु अमेरिकेच्या सिनेटने तह नाकारल्यामुळे अमेरिका त्यात आली नाही आणि राष्ट्रसंघ आरंभापासून लंगडा राहिला. अरब प्रदेशांची ब्रिटन व फ्रान्स यांनी १९१६ च्या गुप्त करारानुसार आणि पुढच्या तडजोडींनुसार वाटणी केली, आणि पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंना राष्ट्रीय निवासभूमी देण्यास पाठिंबा देणाऱ्या १९१७ च्या ब्रिटिश बाल्फोर जाहीरनाम्याने पॅलेस्टाइनचा प्रश्न कायमचा चिघळत ठेवला.

भारतात महागाई भडकली. मुंबईच्या गिरणीमालकांना युद्धकाळात भरपूर नफा झाला, मजुरी मात्र भावांच्या मागेच राहिली आणि जानेवारी १९१९ मध्ये गिरणगावात सार्वत्रिक संप झाला. त्याआधी जून १९१८ मध्ये मुंबईच्या गोदीवर पहाऱ्याला असलेले पोलीस शिपाई तापाने आजारी पडले. ‘मानमोडी’ म्हणून खेड्यापाड्यांत धास्ती बसलेल्या या इन्फ्लुएंझाने देशभर सव्वा कोटीच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक बळी घेतले, म्हणजे सर्व आघाड्यांवर मेलेल्या सैनिकांपेक्षा जास्त. स्वराज्य दिल्यास सैन्यभरतीला मदत करू, अशी लोकमान्य टिळकांची भूमिका होती; जून १९१८ च्या मुंबईतील युद्धपरिषदेत गव्हर्नर विलिंग्डन यांनी त्यांना बोलताना अडवले तेव्हा ते सभा सोडून गेले. युद्धातील मदतीच्या बदल्यात १९१९ चा अपुरा सुधारणा कायदा मिळाला आणि सोबत रौलट कायदा व जालियनवाला बागेतील कत्तल.

बसरा येथील स्मारक चाळीस हजारांहून अधिक मृतांसाठी उभारले असून त्यांतील बहुसंख्य भारतीय आहेत. ब्रिटिशांची आणि भारतीय अधिकाऱ्यांची नावे तेथे दगडात कोरली गेली. साध्या भारतीय शिपायांची मात्र पलटणीच्या नावाखाली केवळ संख्या लिहिण्यात आली.