विमानापेक्षा कार जास्त जीव घेत होती

अमेरिकेच्या हवाई दलात जॉन पॉल स्टॅप नावाचा एक डॉक्टर होता, पायलटचं शरीर किती झटका सोसू शकतं ते शोधणं हे त्याचं काम. तेव्हा सगळे धरून चालायचे की १८ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या १८ पट झटका बसला की माणूस संपला. ह्या बाबाने काय केलं, रुळावरून पळणाऱ्या रॉकेटच्या गाड्यावर स्वतःलाच पट्ट्यांनी करकचून बांधून घेतलं, आणि तेही एकदा नाही, बऱ्याचदा. १० डिसेंबर १९५४ ला न्यू मेक्सिकोतल्या होलोमन तळावर वेग गेला ताशी १०१७ किमी आणि तिथून १.४ सेकंदात गाडा ठप्प! झटका ४६.२ जी. म्हणजे ७० किलोचा माणूस त्या क्षणापुरता सव्वातीन टनांचा. डोळ्यांत रक्त उतरलं, काही वेळ दिसेनाच, पण पठ्ठ्या वाचला आणि नजरही परत आली.

पण मला जास्त भारी वाटतं ते वेगळंच. आकडे बघताना त्याच्या लक्षात आलं की हवाई दलाची माणसं विमान पडून मरतात त्यापेक्षा जास्त कार अपघातात मरतायत. मग हा कार आपटून बघायला लागला, वरचे साहेब वैतागले की आपला कारशी काय संबंध, तर ह्याने तेच आकडे पुढे केले. १९५५ मध्ये बाहेरचे तज्ज्ञ तळावर बोलावून परिषदच भरवली, ती त्याच्या नावाने अजून भरते.

आता थोडा हिशोब. ५० च्या स्पीडला भिंतीवर आदळणं म्हणजे साधारण तिसऱ्या मजल्यावरून पडणं. बेल्ट असेल तर गाडीचं नाक चेपतं तेवढा वेळ तुम्हीही तिच्यासोबत हळूहळू थांबता, समजा ६० सेंटीमीटरमध्ये, तर झटका १६ जीच्या आसपास. बेल्ट नसेल तर गाडी थांबली तरी तुम्ही ५० नेच पुढे जाता आणि डॅशबोर्डवर ५ सेंटीमीटरमध्ये थांबता, तिथे झटका जातो २०० जीच्या घरात. स्टॅपने ४६ सोसले ते पण पट्ट्यांमुळेच.

१९६६ मध्ये अमेरिकेत वाहन सुरक्षेचा कायदा झाला, सही होताना स्टॅप तिथे हजर होता, आणि १९६८ पासून तिथल्या नव्या कारमध्ये बेल्ट सक्तीचे झाले. आपल्याकडे मात्र बेल्टची पीं-पीं बंद करायला नुसतं बक्कल विकत मिळतं, काय बोलणार!

स्टॅप गेला १९९९ मध्ये, ८९ व्या वर्षी, स्वतःच्या घरी.