व्हिडिओतली बालगीतं बाळाला बोलायला शिकवत नाहीत

‘यूट्यूबवर बालगीतं लाव, लवकर बोलेल,’ हा सल्ला घरोघरी मिळतो. दोन वर्षांखालच्या बाळासाठी तो चुकीचा आहे. २००३ मध्ये अमेरिकेत बाळं भाषा कशी शिकतात याच्या अभ्यासक पॅट्रिशिया कूल यांच्या गटाने ९ महिन्यांच्या बाळांना १२ बैठकांत मँडरिन चिनी ऐकवली. ज्यांच्यासमोर माणूस बसून बोलला, त्यांना तिचे ध्वनी वेगळे ओळखू आले. तेच टीव्हीवर पाहिलेली बाळं कोरीच राहिली. बाळ ‘बा’ म्हणालं तर ‘बाबा? आले का बाबा?’ असं पडदा थोडाच विचारणार!

इंडियन अकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या मते दोन वर्षांपर्यंत स्क्रीन नकोच. आजीचा व्हिडिओ कॉल मात्र चालतो, ती उत्तर देते ना. पुढे पाच वर्षांपर्यंत दिवसाला फार तर १ तास, तोही शेजारी बसून.

वरणभात कालवताना ‘भात, गरम भात’ म्हणा आणि बाळाच्या उत्तरासाठी पाच-सहा सेकंद थांबा. हे थांबणंच बहुतेकांना जमत नाही. मागे चालू असलेली मालिकाही बंद करा, तिच्यामुळे मोठ्यांचं बाळाशी बोलणं कमी होतं.

दीड वर्ष उलटूनही एकही शब्द नसेल, तर नुसता मोबाइलला दोष देऊ नका. आधी कान तपासून घ्या.