डू (इंग्रजी क्रियापद)

‘करणे’ या अर्थाचे, इंग्रजीत सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या क्रियापदांपैकी एक. जुन्या इंग्रजीतील ‘डोन’ हे त्याचे पूर्वरूप. ते ज्या इंडो-युरोपीय धातूपासून आले त्याचा मूळ अर्थ ‘ठेवणे’ असावा. संस्कृत ‘धा’ (दधाति) हा धातूही त्यातूनच आलेला.

मुख्य क्रियापद म्हणून त्याचा अर्थ बहुधा कर्मावरून ठरतो : ‘डू द डिशेस’ म्हणजे भांडी घासणे, ‘डू टाइम’ म्हणजे तुरुंगवास भोगणे. ‘दॅट विल डू’ (तेवढे पुरे) यात कर्मच नाही. पुनरुक्ती टाळण्यासाठीही ते येते (‘सो डू आय’ म्हणजे ‘मीही’).

खरा वाद आहे तो प्रश्नात व नकारात येणाऱ्या, स्वतःचा अर्थ नसलेल्या साहाय्यक ‘डू’च्या (उदा. ‘डू यू नो?’) उगमाविषयी. त्याचे आरंभीचे दाखले साधारणपणे १३ व्या शतकातील, मुख्यतः नैर्ऋत्य इंग्लंडच्या पद्यातील आहेत. भाषाशास्त्रज्ञ आल्वर एलेगॉर्ड (१९५३) यांनी ते प्रयोजक (दुसऱ्याकडून ‘करवणे’ या अर्थाच्या) ‘डू’पासून आल्याचे मांडले. ‘ही डिड बिल्ड अ चर्च’ याचा अर्थ चर्च ‘बांधले’ की ‘बांधवले’, हे अशा जुन्या वाक्यांत अनेकदा उलगडत नाही. या संदिग्धतेतच प्रयोजक अर्थ झिजला असावा. शिवाय मुख्य क्रियापद ओळीच्या शेवटी नेऊन यमक साधण्याची कवींना आयती सोय झाली. दुसरा पक्ष केल्टिक प्रभावाचा आहे. वेल्श व कॉर्निश या ब्रिटनमधील केल्टिक भाषांत ‘करणे’ साहाय्यक म्हणून चालते आणि नैर्ऋत्येकडील दाखलेही या मताला पोषक आहेत. मात्र इंग्रजीचा केल्टिक भाषकांशी संपर्क आला ५ व्या शतकापासून, तर दाखले १३ व्या शतकातील. मधल्या शतकांत हा प्रयोग केवळ बोलण्यात टिकून राहिला असे मानावे लागते. जर्मन बोलींतही ‘टून’चा (करणे) असा वापर आढळत असल्याने बाह्य प्रभाव गृहीत धरणे अनिवार्य नाही. केल्टिक संपर्काने फार तर आधीच्या प्रवृत्तीला बळ दिले असेल.

१६ व्या शतकात साध्या होकारार्थी वाक्यांतही ‘डू’ फोफावले (१६११ च्या इंग्रजी बायबलमध्येही ‘खाल्ले’ या साध्या अर्थी ‘डिड ईट’ आहे) आणि पुढे ओसरले. आता तेथे ते केवळ जोर देण्यासाठी उरले आहे. नकारात ते रूढ होत असताना ‘नो’ (जाणणे) या क्रियापदाने बराच काळ दाद दिली नाही : ‘आय नो नॉट’ (मला ठाऊक नाही) १८ व्या शतकातही लिहिले जाई.

आयर्लंडच्या इंग्रजीत ‘ही डझ बी वर्किंग’ (तो नेहमी काम करत असतो) असा नित्यतादर्शक प्रयोग आहे.