स्टिअरिंग लहान होत गेलं, हात खाली आले

‘हात दहा वाजून दहा मिनिटांवर ठेवा.’ म्हणजे स्टिअरिंगला घड्याळ समजून डावा हात दहाच्या आणि उजवा दोनच्या आकड्यावर. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये पहिल्या दिवशी आजही बऱ्याच ठिकाणी हेच सांगतात. शिकवणाऱ्याला त्याच्या उस्तादाने तेच शिकवलेलं असतं आणि एके काळी ते बरोबरच होतं. पण ही पद्धत ज्या स्टिअरिंगसाठी होती, तसं स्टिअरिंग आता नव्या गाडीत येत नाही. आपल्या स्पोर्ट्स कारला नवं स्टिअरिंग बसवायच्या विचारात असलेल्याने हा बदल आधी समजून घ्यावा, असं मला मनापासून वाटतं.

सुरुवातीच्या बहुतेक मोटारींना गोल स्टिअरिंग नव्हतंच. होडीच्या सुकाणूला असतो तसा एक दांडा असायचा. वेग वाढू लागला तसा तो धोक्याचा ठरला, कारण खड्ड्यात टायर आपटला की दांडा हातातून हिसकला जाई. 1894 च्या पॅरिस-रुआं शर्यतीत आल्फ्रेद वाशेरॉन याने पानार या फ्रेंच कंपनीच्या आपल्या गाडीला दांड्याऐवजी गोल स्टिअरिंग लावलं. अशा वापराची ही सर्वांत जुनी नोंद मानतात. दोनच वर्षांनी त्याच कंपनीचा एमिल लव्हासोर पॅरिस-मार्सेय शर्यतीत कुत्र्याला वाचवताना गाडीबाहेर फेकला गेला आणि 1897 मध्ये वारला. 1898 पासून पानारने आपल्या गाड्यांना गोल स्टिअरिंगच द्यायला सुरुवात केली.

पुढची पन्नास वर्षं स्टिअरिंग मोठंच राहिलं, कारण वळवायची ताकद फक्त माणसाच्या खांद्यांत होती. परीघ जितका मोठा, तितका जोर कमी लागतो. हिशेब सरळ आहे: 40 सेंटिमीटर व्यासाच्या जागी 35 सेंटिमीटरचं बसवलं, तर तेवढंच वळवायला साधारण 14 टक्के जास्त जोर लागतो. तेव्हाची स्टिअरिंगं तर 42-45 सेंटिमीटरचीही असत. असं भलंमोठं वर्तुळ वळवायचं तर एका हाताने वरून खाली ओढायचं आणि दुसऱ्याने खालून वर ढकलायचं. ओढायला जोर मिळतो तो हात वर असला की. दहा-दोनची जागा आली ती इथून. 1930 च्या दशकात लंडन पोलिसांच्या हेंडन इथल्या ड्रायव्हिंग शाळेने ही ओढ-ढकल शिस्तीत बसवली. त्या काळी अंगठे आत अडकवायचे नाहीत, रिमवर म्हणजे बाहेरच्या कड्यावर बाहेरून टेकवायचे, असाही दंडक होता. टायर दगडावर आदळला की स्टिअरिंग उलटं फिरे आणि आरा अंगठ्यावर बसे.

शर्यतीतले लोकही तेव्हा स्टिअरिंगला छाती लावून, कोपरं बाहेर काढून बसत. ती बैठक मोडली ज्युसेप्पे फारिना याने. 1950 चा फॉर्म्युला वनचा हा पहिला जागतिक विजेता मागे रेलून, हात लांब करून गाडी चालवायचा. स्टर्लिंग मॉस या ब्रिटिश शर्यतपटूने ती ढब उचलली. मग दशकभर स्पोर्ट्स कार घेणारा प्रत्येक जण सीट मागे सरकवून हात ताठ करू लागला. दिसायला ती ढब देखणी होती, पण रस्त्यावर तिने नुकसानच केलं असं माझं मत आहे. हात ताठ असले की कोपराला वाव उरत नाही; वळताना पाठ सीटवरून सुटते आणि टायरची खबर तळहातापर्यंत पोचत नाही.

याच काळात स्टिअरिंग ही वेगळी विकत घ्यायची वस्तू झाली, आणि ती केली इटलीने. एन्रिको नार्दी हा स्वतः ड्रायव्हर. 1940 च्या मिल्ले मिल्या या इटालियन शर्यतीत एन्झो फेरारीने बनवलेल्या 815 गाडीत तो रांगोनी या ड्रायव्हरचा जोडीदार होता. त्याच्या तुरीनच्या कारखान्यातून 1950 च्या दशकात लाकडी रिमची, ॲल्युमिनियमच्या आऱ्यांची स्टिअरिंगं निघू लागली आणि फेरारी 250 सारख्या गाड्यांत ती कारखान्यातूनच बसून आली. नार्दीची रिम जवळून पाहिली की मन भरतं: पातळ, गुळगुळीत लाकूड, मधोमध धातूची पट्टी आणि कडेला रिव्हेटांची रांग. पण बारीक रिम घामेजल्या हातातून सरकते.

तेवढ्यात शर्यतीच्या गाड्या अरुंद झाल्या. 1962 ची लोटस 25 ही फॉर्म्युला वनची गाडी तर ड्रायव्हर जवळजवळ आडवा झोपेल इतकी बुटकी होती. मोठं स्टिअरिंग तिच्यात मावणारच नव्हतं. लहान स्टिअरिंगला जोर जास्त लागतो, म्हणजे पकड घट्ट हवी. 1964 मध्ये जानपिएरो मोरेत्ती या हौशी ड्रायव्हरने आपल्या गाडीसाठी एका कारागिराकडून नेहमीपेक्षा जाड रिमचं स्टिअरिंग करून घेतलं. ते फेरारीचा शर्यतपटू जॉन सर्टीज याच्या नजरेत भरलं, त्याच्या गाडीत बसलं आणि त्या वर्षीचं फॉर्म्युला वनचं विजेतेपद सर्टीजने जिंकलं. मोरेत्ती आणि मोंझा (इटलीतला शर्यतीचा ट्रॅक) या दोन नावांची सुरुवातीची अक्षरं जोडून मोमो ही स्टिअरिंगची कंपनी उभी राहिली. आज ‘स्पोर्टी स्टिअरिंग’ म्हटलं की जाड रिम, चामडं आणि 35 सेंटिमीटर हेच डोळ्यांसमोर येतं, ते तिच्यामुळे.

रस्त्यावरच्या गाड्यांत जोराचा प्रश्न पॉवर स्टिअरिंगने सोडवला. 1951 च्या क्रायस्लर इम्पीरियलमध्ये ते पहिल्यांदा विक्रीला आलं. पण हात खाली आणले ते एअरबॅगने. 1980 च्या अखेरीस मर्सिडीजने एस-क्लासमध्ये ती दिली. भारतात ड्रायव्हरची एअरबॅग जुलै 2019 पासून नव्या गाड्यांना सक्तीची झाली. धडक जाणवल्यापासून सेकंदाच्या विसाव्या भागात ती फुगून तयार असते. हात दहा-दोनवर किंवा रिमच्या माथ्यावर असतील, तर ती मनगटं थेट तोंडावर भिरकावते. म्हणून अमेरिकेच्या रस्ते-सुरक्षा खात्याने नऊ-तीनचा, म्हणजे हात घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी ठेवण्याचा सल्ला दिला, आणि छाती व एअरबॅगमध्ये किमान 25 सेंटिमीटर अंतर.

नऊ-तीन शर्यतीतही कधीच रुळलं होतं. तिथून हात न उचलता स्टिअरिंग जवळजवळ अर्धा फेरा फिरतं आणि टायर किती वळलेत हे न बघता कळतं. बैठक तपासायची तर पाठ सीटला टेकवून हात सरळ करा. मनगट रिमच्या माथ्यावर टेकलं पाहिजे आणि नऊ-तीनवर कोपर वाकलेलं राहिलं पाहिजे.

आता स्टिअरिंग बदलण्याबद्दल. एअरबॅग नसलेल्या जुन्या गाडीत खुशाल बदला. गाडीच्या शाफ्टला जुळणारं बॉस किट, म्हणजे नवं स्टिअरिंग शाफ्टला जोडणारा मधला तुकडा, लागेल, आणि बोल्टची मापं बघूनच घ्या: मोमोची सहा भोकं 70 मिलिमीटरच्या वर्तुळावर असतात, नार्दीची 74 वर. चार मिलिमीटरचा फरक म्हणून भोकं घासून बसवून देणारे कारागीर भेटतात; त्यांच्या हातात गाडी देऊ नका. पॉवर स्टिअरिंग नसेल तर 35 च्या खाली जाऊ नका, पार्किंग करताना खांदे बोलतील.

एअरबॅगवाल्या गाडीत मात्र बाजारातलं स्टिअरिंग लावणं म्हणजे एअरबॅग काढून फेकणं. बॉस किटबरोबर मिळणारा रेझिस्टर (एअरबॅगच्या जागी जोडायचा छोटा विजेचा भाग) डॅशबोर्डवरचा एअरबॅगचा लाल दिवा घालवतो, धडकेत तो काहीच करत नाही. अशा गाडीत मूळ स्टिअरिंगच उतरवून चांगल्या कारागिराकडून नवं चामडं हाताने शिवून घ्यावं, हवं तर नऊ-तीनच्या जागी आतून थोडी जाडी देऊन. एअरबॅगचा कनेक्टर सोडण्याआधी बॅटरी काढून काही मिनिटं थांबायचं.