रिकामी गाडी कुठे निघाली?

फलाट माणसांनी भरलेला असतो आणि समोरून दिवे लावलेली अख्खी गाडी कुणालाही न घेता निघून जाते. कधी तर डबेही नसतात, नुसतेच इंजिन धडधडत जाते. आम्ही इथे ताटकळतोय आणि हे मोकळ्या गाड्या पळवतायत, हा राग स्वाभाविक आहे. पण रिकामे धावणे रेल्वेच्या जन्मापासूनचे आहे, आणि त्याची सुरुवात प्रवाशांमुळे झालेलीच नाही.

इंग्लंडमधला स्टॉक्टन-डार्लिंग्टन मार्ग १८२५ मध्ये सुरू झाला तो मुख्यतः खाणीतला कोळसा नदीकाठी पोहोचवण्यासाठी. भरलेल्या वाघिणी (मालाचे डबे) खाली जात. खाणीकडे उलट न्यायला तेवढा माल कुठून आणणार? वाघिणी रिकाम्याच परतत. या मार्गावर बरीच वर्षे इंजिनांबरोबर घोडेही होते. उतारावर गाडी आपसूक घरंगळे, म्हणून १८२८ पासून घोड्याला मागच्या एका छोट्या गाड्यात उभे करून खाली नेऊ लागले. त्याचे खरे काम रिकाम्या वाघिणी वर ओढायचे, आणि त्यासाठी तो दमलेला नको. कोळसा, खनिज आणि तेल यांची वाहतूक आजही अशी एकतर्फीच आहे. तेलाच्या टाकीतून परतीला धान्य भरून आणता येत नाही.

पुढे कंपन्या वाढल्या तसा नवा गुंता झाला. एका कंपनीची वाघीण दुसरीच्या रुळांवर जाई आणि माल उतरला की मालकाकडे परत धाडावी लागे. मग ती वाटेत कुणाच्या उपयोगाची असो वा नसो. या देवाणघेवाणीचे हिशेब ठेवायला १८४२ मध्ये लंडनमध्ये ‘रेल्वे क्लिअरिंग हाउस’ उभे राहिले. हिशेब चोख झाले, रिकाम्या फेऱ्या मात्र चालूच राहिल्या. पहिल्या महायुद्धात इंजिने, माणसे आणि कोळसा सगळ्यांचीच टंचाई झाली, तेव्हा १९१७ मध्ये ब्रिटिश कंपन्यांनी आपल्या वाघिणी सामायिक केल्या. हाताशी असेल ती वाघीण भरा, ती कुणाची आहे ते पाहू नका. एवढी साधी गोष्ट सुचायला नव्हे, पटायला महायुद्ध लागले.

प्रवासी गाड्यांचे दुखणे वेगळे होते. टर्मिनसमध्ये गाडी शिरली की तिचे इंजिन डबे आणि बफर (रुळांच्या शेवटी असलेला अडथळा) यांच्या मधोमध अडकते. दुसऱ्या इंजिनाने डबे मागे ओढून यार्डात नेल्याशिवाय ते सुटत नाही. सुटले की लोको शेडकडे: राख काढायची, कोळसा-पाणी घ्यायचे, टर्नटेबलवर, म्हणजे रूळ बसवलेल्या फिरत्या चौथऱ्यावर, तोंड फिरवायचे. वाफेचे मोठे इंजिन उलटे चालवता येई, पण वेगाने नाही, आणि चालकाला पुढचे नीट दिसतही नसे. म्हणजे एक गाडी पोहोचली की तिच्यामागे एक रिकामा रेक (डब्यांची माळ) आणि निदान एक एकटे इंजिन अशा दोन हालचाली ठरलेल्याच. शहराच्या मध्यावर जमीन महाग, म्हणून डबे धुण्याची यार्डे कित्येक किलोमीटर बाहेर गेली आणि ही रिकामी वाट आणखी लांबली.

चढावर तर इंजिनांची पलटणच लागे. बर्मिंगहॅमच्या दक्षिणेला १८४० पासून वापरात असलेला लिकी चढ ३७.७ ला १ असा आहे, म्हणजे ३७.७ मीटर पुढे गेले की १ मीटर वर, लांबी ३ किलोमीटरहून थोडी जास्त. पायथ्याशी ब्रॉम्सग्रोव्हला बँकर इंजिने तयार असत. गाडी मागून ढकलत माथ्यावर न्यायची आणि एकट्याने खाली यायचे. १९१९ मध्ये खास याच कामासाठी दहा चालक चाकांचे एक इंजिन बांधले गेले. ‘बिग बर्था’ हे त्याचे टोपणनाव. ते १९५६ पर्यंत राबले, आणि त्याचा निम्मा प्रवास एकट्यानेच उताराने झाला.

अशी एकटी इंजिने नजरेतून सुटली तर काय होते, हे उत्तर इंग्लंडमध्ये २४ डिसेंबर १९१० च्या पहाटे दिसले. सेटल-कार्लाइल मार्गावर मिडलँड कंपनीची इंजिने लहान, चढ मोठा, त्यामुळे गाडीला पुढे जादा इंजिन जोडण्याची रीतच होती. माथ्यावर ते सोडायचे, मग ते हॉज जंक्शनच्या टर्नटेबलवर फिरून घरी जाई. (तिथला वारा इतका बेफाम, की त्याने एक इंजिन टर्नटेबलसकट गरगर फिरवल्याची कथा सांगतात. टर्नटेबलभोवती रुळांखालचे स्लीपर उभे करून घातलेले कुंपण मात्र कथा नव्हे.) त्या पहाटे कार्लाइलला निघालेली अशी दोन इंजिने मुख्य मार्गावर सिग्नलपाशी थांबली होती. गर्दीत गुंतलेला सिग्नलमन त्यांना साफ विसरला. वीसेक मिनिटांनी त्याने मागून येणाऱ्या ग्लासगो एक्स्प्रेससाठी सिग्नल दिले. तो आपल्यासाठीच आहे असे समजून इंजिने निघाली, आणि भरधाव एक्स्प्रेसने त्यांना मागून गाठले. डब्यांतल्या दिव्यांच्या गॅसने पेट घेतला. १२ जण गेले.

चौकशीत भर होता तो ट्रॅक सर्किटवर: रुळांतून सोडलेली वीज चाकांनी जोडली गेली की मार्ग व्यापलेला आहे हे सिग्नलमनच्या केबिनमध्ये आपोआप कळते. मिडलँडने त्यानंतर ही यंत्रणा झपाट्याने बसवली. रिकामी गाडी म्हणजे काय, हे मला या अपघातात सर्वांत स्पष्ट दिसते. माणसाच्या लक्षात ती राहो न राहो, रुळांवरची जागा ती भरलेल्या गाडीइतकीच घेते. तो ब्लॉक विभाग, म्हणजे एका वेळी एकाच गाडीला सोडायचा रुळांचा तुकडा, तेवढा वेळ दुसऱ्या गाडीला मिळत नाही. म्हणूनच कोणतीही रेल्वे हौसेने रिकामी गाडी सोडत नाही.

एकट्या इंजिनांवर मोठा उतारा निघाला १८९७ मध्ये, शिकागोच्या उन्नत रेल्वेवर. फ्रँक स्प्रेग यांनी मोटार असलेले अनेक डबे एकाच केबिनमधून चालवून दाखवले. दोन्ही टोकांना केबिन दिली की चालकाने गाडीच्या एका टोकाकडून दुसऱ्याकडे चालत जायचे, संपले. लोकल आणि मेट्रो यांच्यासाठी टर्नटेबलची गरजच उरली नाही. पण गर्दीची दिशा कोण बदलणार? सकाळी सगळे शहरात येतात, संध्याकाळी सगळे बाहेर जातात. सकाळची दुसरी खेप करायची तर गाडी आधी उलट दिशेला पोहोचायला हवी. सगळीकडे थांबत गेली तर वेळ जातो, म्हणून ती अनेकदा न थांबता रिकामी पळवतात.

काही फेऱ्या तर निव्वळ मार्गासाठी असतात. फ्रान्सच्या वेगवान मार्गांवर पहाटे प्रवाशांविना एक गाडी आधी जाऊन रूळ मोकळा आणि ठीक आहे याची खात्री करते. वापर थांबला की रूळ गंजतात, आणि गंजलेल्या रुळांवर ट्रॅक सर्किटला गाडी ओळखता येईलच असे नाही. चालकांनाही नव्या मार्गाची ओळख हवी असते.

मग जातेच आहे तर चार माणसे घ्यायला काय हरकत? हरकत बहुधा असते: ती यार्डात जाते, तिथे फलाट नाही, डब्यात बिघाड असू शकतो, थांबली तर मागची गाडी खोळंबते. जपानमध्ये मात्र ही मागणी मान्य झाली. १९७५ मध्ये शिंकानसेन हाकातापर्यंत पोहोचली, तिचा डेपो शहराबाहेर झाला आणि रिकाम्या गाड्या रोज ये-जा करू लागल्या. आसपासच्या रहिवाशांनी आम्हालाही न्या म्हणून पाठपुरावा केला. १९९० मध्ये डेपोजवळ हाकाता-मिनामी स्थानक उघडले, आणि ८.५ किलोमीटरची ती डेपोची वाट रीतसर प्रवासी मार्ग झाली.

ब्रिटनमध्ये याच्या नेमके उलटे दिसते. मार्ग अधिकृतपणे बंद करण्याची कायदेशीर प्रक्रिया इतकी किचकट, की काही ठिकाणी तो बंद न करता नावापुरती एखादी गाडी सोडत राहणे सोपे पडते. स्टॉकपोर्ट ते स्टेलिब्रिज ही गाडी कित्येक वर्षे आठवड्यातून एकदाच, तीही एकाच दिशेने धावत होती. तिकीट काढून कुणीही बसावे. बसायचे ते बहुधा रेल्वेचे हौशी अभ्यासकच.